दहा टक्के, पण कशाचे?

प्रश्न : ६०,००० रुपयांच्या स्कूटरची किंमत दरवर्षी १० टक्क्यांनी घटते. तीन वर्षांनी किती? मुलीने ३० टक्के वजा करून ४२,००० काढले, उत्तरसूचीत ४३,७४० आहे. आधीची किंमत विचारली की ती आणखीच गोंधळते.
– आठवीतल्या मुलीचे पालक

उत्तर : तिने तिन्ही वर्षं ६,००० वजा केले. घसारा, म्हणजे वस्तूच्या किमतीत होणारी घट, त्या त्या वर्षाच्या सुरुवातीच्या किमतीवर धरतात. पहिल्या वर्षी ६,०००, दुसऱ्या वर्षी ५४,००० चे दहा टक्के म्हणजे ५,४००, तिसऱ्या वर्षी ४,८६०. एकूण घट १६,२६०. हे एकदा वहीत हाताने करून घ्या, मगच सूत्राकडे वळा. आधी सूत्र पाठ केलं की नेमकी हीच चूक होते.

दहा टक्के गेले, नव्वद राहिले, म्हणून दरवर्षी ०.९ ने गुणायचं. ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९, आणि ६०,००० ला त्याने गुणलं की ४३,७४०. चक्रवाढव्याजाचं सूत्र हेच आहे, फक्त इथे दर उणे घ्यायचा. वाढ ८ टक्के असेल तर गुणक १.०८. घाईत १.८ लिहिलं तर ती ८० टक्के वाढ होते.

आता उलटं गणित. दोन वर्षांच्या घसाऱ्यानंतर किंमत ४८,६०० झाली, तर आधी किती होती? बहुतेक मुलं दोनदा दहा टक्के मिळवतात आणि ५८,८०६ लिहितात. ताळा करून पाहा : त्यातून दोनदा दहा टक्के काढले की ४७,६३२.८६ उरतात, ४८,६०० नाही. पुढे जाताना गुणलं, तर मागे येताना भागायचं. ४८,६०० ÷ ०.८१ = ६०,०००.

व्याज सहामाही असेल तर दर निम्मा आणि मुदत दुप्पट, दोन्ही एकदम बदला.

प्रश्न : किरणोत्सारी आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल, म्हणजे पदार्थ निम्मा होण्याचा काळ, ८ दिवस. ८० मिलिग्रॅमपैकी २० दिवसांनी किती उरेल? १६ दिवसांनी २० आणि २४ दिवसांनी १०, म्हणून मी मधलं १५ घेतलं. मित्राचं उत्तर १४.१४ आहे.
– अकरावीचा विद्यार्थी

उत्तर : मित्राचं बरोबर. १६ आणि २४ दिवसांची उत्तरं तुम्ही अचूक काढलीत, घोटाळा मधल्या टप्प्यात झाला. २० दिवस म्हणजे २० ÷ ८ = २.५ अर्धायुकाल. हे २.५ पूर्णांकात बदलू नका. दोन अर्धायुकालांनंतर २० मिलिग्रॅम उरले, राहिला अर्धा अर्धायुकाल, म्हणजे चार दिवस. चार दिवसांचा गुणक असा हवा, की तो दोनदा लावल्यावर निम्मं व्हावं. तो १/√२, म्हणजे सुमारे ०.७०७. २० × ०.७०७ = १४.१४. पुढच्या चार दिवसांसाठी पुन्हा ०.७०७ ने गुणा, १० येतील.

१५ का चालत नाही? २० चे १५ झाले म्हणजे चार दिवसांत पाव भाग गेला. १५ चे १० झाले म्हणजे पुढच्या चार दिवसांत एक तृतीयांश गेला. एकाच पदार्थाचं सारख्या कालावधीत वेगवेगळं प्रमाण घटू शकत नाही.