पडद्यावरची साक्ष

प्रश्न : खऱ्या गुन्ह्यांवर माहितीपट करणाऱ्याच्या कामामुळे न्यायालयाचा निकाल कधी बदलला आहे का?

उत्तर : क्वचित, पण बदलला आहे. पूर्वी खासगी गुप्तहेर असलेले अमेरिकी दिग्दर्शक एरॉल मॉरिस डॅलसला गेले ते फाशीच्या खटल्यांत साक्ष देणाऱ्या एका मनोविकारतज्ज्ञावर माहितीपट करायला. परंतु पोलिसाच्या खुनाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याशी बोलल्यावर त्यांनी विषयच बदलला. १९८८ मध्ये ‘द थिन ब्लू लाइन’ प्रदर्शित झाला आणि १९८९ मध्ये तो कैदी सुटला. दुसऱ्या संशयिताच्या अखेरच्या मुलाखतीच्या वेळी कॅमेरा नेमका बिघडल्यामुळे पडद्यावर फक्त टेपरेकॉर्डर दिसत राहतो (माझ्या मते तोच सर्वांत बोलका प्रसंग). सुटकेनंतर मात्र आपल्या कहाणीच्या हक्कांवरून त्या माणसाचा मॉरिस यांच्याशीच कायदेशीर वाद झाला.