काटा ठेव बाजूला, आधी खुर्चीतून हात न टेकता उठून दाखव

पोरी,

व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण ते लांबतच चाललं, म्हणून म्हटलं नीट पत्रच लिहू, ऑफिसातून आल्यावर निवांत वाच. तुझ्या मेसेजमध्ये प्रश्न भरपूर आणि त्यातले बहुतेक काट्याबद्दल. स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवायला पोट कापून लहान करायचं ऑपरेशन, होऊन चार महिने झाले, 22 किलो गेले, आता तीन आठवडे काटा हलत नाही म्हणून तू सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर चढतेयस. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस की पर्वतीला अर्ध्यात बसावं लागलं, मांड्या थरथरत होत्या, वजन कमी झालंय मग हे असं का. मला विचारशील तर अख्ख्या मेसेजमध्ये खरा प्रश्न तेवढा एकच आहे.

काटा थांबण्याचं आधी उरकून टाकते. त्याला प्लॅटो म्हणतात, सगळ्यांना येतो, काहींना तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येतो आणि मग परत मध्ये मध्ये. दोन-चार आठवडे जातात आणि सुटतो. रोज वजन करून काय होणार, पाळीच्या आधी अंगात पाणी धरलं की एक किलो जास्त दाखवणार आणि तुझा अख्खा दिवस खराब. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी उठल्या उठल्या. बाकी सहा दिवस काटा पलंगाखाली.

आता मांड्यांचं. ऑपरेशननंतर जे वजन उतरतं ना ते सगळंच्या सगळं चरबीचं नसतं. ढोबळमानाने पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, चरबी सोडून बाकीचं असतं आणि त्यात स्नायूही जातात. पोटात दिवसाला कसंबसं सातशे-आठशे कॅलरी जातंय, शरीराला तर चालायचंय, मग ते जिथून मिळेल तिथून काढतं, आणि जो स्नायू वापरात नाही, ज्याला प्रोटीन पोचत नाही तो आधी जातो. आपण जाड असताना आपल्या मांड्या दिवसभर शंभर-सव्वाशे किलो उचलून फिरत होत्या, म्हणजे नकळत व्यायामच चालू होता त्यांचा, तो एकदम कमी झाला आणि वर उपासमार. म्हणून पर्वतीच्या 103 पायऱ्यांना तुझे पाय थरथरले. यात घाबरण्यासारखं काही नाही पण दुर्लक्ष करण्यासारखं तर अजिबात नाही. एक मात्र बघ, थरथरण्याबरोबर चक्कर येत असेल, उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर बीपी मोजून घे आणि डॉक्टरांना फोन कर. ऑपरेशनआधी तुला बीपीची गोळी होती, वजन उतरल्यावर तोच डोस जास्त होतो, माझ्या शुगरच्या गोळ्याही अशाच कमी करत गेले होते. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नकोस.

तर आजपासून हे कर. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची घे, चाकाची नको, भिंतीला टेकवून ठेव. दोन्ही हात छातीवर आडवे, पाय जमिनीवर सपाट, आणि हात न टेकता उभी राहा, परत हळू बस. धपकन बसायचं नाही, बसतानाच खरी मेहनत आहे. अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते कॅलेंडरवर लिहून ठेव. फिजिओथेरपीवाले ताकद मोजायला हीच टेस्ट घेतात, आणि मला काट्याच्या आकड्यापेक्षा तुझा हा आकडा दर रविवारी हवाय. पहिल्यांदा सहा-सात आले तरी चालेल, लाजू नकोस.

चालणं तर हॉस्पिटलातच सुरू केलेलं असतं आपलं, दुसऱ्या दिवशी सलाईनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरमध्ये. ते चालू ठेव, पण नुसतं चालून स्नायू वाचत नाहीत. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं सकाळी बागेत चार राऊंड मारले की झाला व्यायाम. वजन उचलावंच लागतं गं. तुझे चार महिने झालेत, टाके-बिके सगळं भरलंय, टाक्यांच्या जागी हर्निया होऊ नये म्हणून पहिले महिना-दीड महिना जड उचलू देत नाहीत तो काळ गेला, तरी सर्जनना एकदा विचार आणि सुरू कर. आठवड्यातून दोन-तीन दिवस. जिम नको असेल तर नको, दोन एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, एक रबरी बँड, भिंतीला टेकून पुशअप, खुर्चीवरून उठबस, आणि पाठीसाठी बँड ओढणं. जिममध्ये जायचं असेल तर ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांग ऑपरेशन झालंय. ते लोक ‘फॅट बर्न’ म्हणून एक तास ट्रेडमिलवर पळवतात आणि रिकाम्या पोटी क्रंचेस घालायला लावतात, ते आपल्याला नकोय. रिकाम्या पोटी तर मुळीच नको, अर्धा तास आधी दोन घास दही किंवा अर्धं केळं, आणि पाणी आधीच घोट घोट पिऊन घे कारण नंतर तहान लागली म्हणून गटागट प्यायला तुला आता जमणार नाही.

सिंहगडाचं विचारलंस, मैत्रिणी पुढच्या महिन्यात जातायत. जा, पण आतकरवाडीतून चढायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस, गाडीने वर जा, गडावर फिर. चढताना दम लागतो तो सोसतो गं, उतरताना गुडघे आणि मांड्या जे बोलतात ते सोसत नाही, आणि तुझ्या मांड्या अजून तेवढ्या तयार नाहीत. पर्वती आठवड्यातून दोनदा कर, सावकाश, कठडा धरून, ज्या दिवशी न थांबता वर गेलीस आणि खाली उतरल्यावर जिना दिसला तरी पोटात गोळा आला नाही, त्यानंतर आतकरवाडी.

आता खाणं. तुझ्या डाएटिशियनने 60 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय ना, मग दिवसभराचं मोजून बघ एकदा, मला खात्री आहे तीसच्या वर जात नसेल. वाटीभर शिजलेल्या वरणात सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, आणि तुझ्या पोटात एका वेळी वाटीभरही मावत नाही. म्हणून ताटात पहिला घास प्रोटीनचा. आधी पनीर, मटकीची उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळीचा चतकोर. आपण लहानपणापासून पोळीने सुरुवात करतो, पोळी-भाजी, पोळी-भाजी आणि वरणभात शेवटी, आता ते उलटं. शाकाहारी आहेस त्यामुळे व्हे प्रोटीनचा एक स्कूप घ्यावाच लागेल, त्यात काही वाईट नाही, ते बॉडीबिल्डरचंच असतं असं तुझ्या आईला वाटतं तर तिला सांग हे दुधाच्या निवळीपासूनच करतात.

घास चाव. एवढं बोलूनही कोणी ऐकत नाही. घाईत कोरडी भाकरी नाहीतर लोण्याशिवायचा पराठा गिळलास की छातीत मध्यभागी अडकल्यासारखं होतं, तोंडात फेसाळ लाळ सुटते, आणि मग ऑफिसच्या वॉशरूमकडे धावायचं. तेव्हा वरून पाणी ओतू नकोस, उभी राहा, थोडं चाल, जाईल. जेवताना पाणी नाही आणि नंतर अर्धा तास नाही. रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, स्लीव्हवाल्यांना ॲसिडिटी वर यायचा त्रास बायपासवाल्यांपेक्षा (हृदयाचं नाही, पोटाचा छोटा भाग थेट आतड्याला जोडतात ते वजनाचं ऑपरेशन) जास्त, तुझा तो रात्रीचा खोकला त्याचाच असू शकतो, सर्जनच्या कानावर घाल.

आणि चिवडा. तू लिहिलंयस की पोळी जात नाही पण चिवडा, शेव, खारी बिस्किटं चालतात. चालणारच! कुरकुरीत सगळं तोंडात विरघळतं, पोटात थांबतच नाही, सरळ पुढे जातं, म्हणून पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि दिवसभर मूठ मूठ चालू राहतं. ऑपरेशन करूनही ज्यांचं वजन परत आलं अशा माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांच्या घरी हा डबा असतो, पुरणपोळ्यांनी कोणाचं वजन वाढलेलं मी पाहिलं नाही. उपासाचंही तसंच, साबुदाणा खिचडीत प्रोटीन नावाला फक्त दाण्याच्या कुटाचं. या वर्षी नवरात्र सोड, देवी रागवत नाही.

हे सगळं इतकं कानीकपाळी ओरडतेय त्याला कारण आहे. तुझ्या पोटाचा पाऊण भाग काढलाय, त्यातला वरचा जो भाग जातो तिथे भूक लावणारं घ्रेलिन सगळ्यात जास्त तयार होतं, म्हणून तुला आत्ता भूकच लागत नाही आणि वाटतंय की सुटलो. डॉक्टर लोक याला हनिमून पीरियड म्हणतात. वर्ष-दीड वर्षाने भूक बऱ्यापैकी परत येते, पोटही थोडं सैलावतं. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेला मोठा अभ्यास आहे, त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी बघितलं तरी मूळ वजनापेक्षा 25 टक्के कमीच होतं. म्हणजे थोडं परत येतं, सगळ्यांचं येतं, माझंही आलंय, पण बरंचसं टिकतंही. तेव्हा स्लीव्ह त्यात नव्हती, तरी अंदाज यावा म्हणून सांगतेय. भूक परत येईल त्या दिवशी तुझ्याकडे काय असेल हे या वर्षात ठरतं. प्रोटीन आधी, चावून, बिनपाण्याचं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा बाटल्या उचलणं, हे तोवर अंगवळणी पडलेलं पाहिजे. भूक लागायला लागल्यावर नव्याने शिकायला गेलीस तर फार जड जातं.

केसांचं फार मनावर घेऊ नकोस. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात झडतात, एवढं मोठं ऑपरेशन आणि इतकं भराभर वजन उतरणं याचा शरीराला धक्का बसतो, मग परत येतात. बायोटिनच्या महाग गोळ्या घेण्याआधी प्रोटीन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघ. आयर्नची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नकोस, दोन तासांचं अंतर, आणि आयर्नबरोबर चहा तर नाहीच, तू सगळ्या गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदम घेतेस हे मला तुझ्या आईने सांगितलंय. बी 12 चं टाळू नकोस, शाकाहारी माणसाचं आधीच कमी असतं. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबेनात तर वाट बघत बसायचं नाही, थायमिन म्हणजे बी 1 कमी झालं की नसांवर आणि मेंदूवर येतं, हॉस्पिटल गाठायचं. जेवणानंतर उजवीकडे बरगडीखाली कळ आली तरी तेच, वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात.

लोकांचं काय करू विचारलंस. लग्नात मामी म्हणणार चेहरा किती उतरलाय, काकू म्हणणार एवढ्याशा ताटाने काय होतं, आणि वाढपी जिलबीचं ताट घेऊन डोक्यावर उभा. प्रत्येकाला ऑपरेशनचा इतिहास सांगायची गरज नाही, ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी थोडंथोडंच खायला सांगितलंय’ एवढं पुरतं, खोटंही नाही. पंगतीपेक्षा बुफे बरा, लहान बशी घ्यायची आणि चालत बोलत राहायचं, कोणाच्या लक्षातही येत नाही. जिलबी खावीशी वाटली तर एक कडं खा. तुझ्या मैत्रिणींच्या पार्टीत मात्र जपून, दारू आता पटकन चढते आणि उशिरा उतरते, बायपासनंतर तर नक्कीच आणि स्लीव्हनंतरही बऱ्याच जणांना, आणि खाण्यातून मिळणारा आनंद कमी झालेली माणसं तिथे वळतात हेही मी पाहिलंय. पहिलं वर्ष नकोच.

आता घरात स्थळं बघायला लागलेत ते. आई म्हणतेय ऑपरेशनचं सांगायचं नाही, बारीक झालीयस तेवढं पुरे. मला हे पटत नाही, आईला राग आला तरी चालेल, माझं नाव सांग. एका स्वयंपाकघरात राहून तू आयुष्यभर चार घास खाणार, रोज गोळ्या घेणार, जेवताना पाणी पिणार नाहीस, हे किती दिवस लपेल? पहिल्या भेटीत सांगायची गरज नाही, पण साखरपुड्याच्या आधी मुलाला तू स्वतः सांग, आईवडिलांच्या बैठकीत नाही. जो ऐकून मागे फिरेल तो आत्ताच फिरलेला बरा. आणि लग्न लवकर ठरलंच तरी मूल ऑपरेशनपासून बारा ते अठरा महिने नको, वजन उतरत असताना बाळाला काय मिळणार. तुला पीसीओडी होता आणि पाळी अनियमित होती म्हणून निर्धास्त राहू नकोस, वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, त्यामुळे गायनॅककडे आधी जा आणि कोणतं साधन वापरायचं ते ठरव. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा ऑपरेशनप्रमाणे बदलतो, त्यांना कुठलं झालंय ते नीट सांग.

सुटलेल्या त्वचेचं आत्ता काही करू नकोस, क्रीमवर पैसे घालवू नकोस. वजन वर्षभर एका जागी थांबलं की मग प्लास्टिक सर्जनकडे जाऊ, मी येईन बरोबर. तोवर घामाने घड्यांमध्ये लाल होत असेल तर कोरडं ठेव, सुती कपडे.

या शनिवारी रक्त देशील तेव्हा लॅबवाल्याला हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी 12, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) सगळं लिहून दे, ते पॅकेज म्हणून त्यांच्या मनाचं काहीतरी करतात आणि फेरिटिन नेमकं राहून जातं. रिपोर्ट मला फोटो काढून पाठव, सर्जनना दाखवशीलच. आणि खुर्चीचा आकडा रविवारी, विसरू नकोस.

तुझी,
ताई