आजोबांची पदके आणि आजीचे निवृत्तिवेतन

प्रश्न : मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत असलेले आमचे आजोबा गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात आजीचे नाव ‘पारूबाई’, तर आधार कार्डावर ‘पार्वती’ आहे. कुटुंब निवृत्तिवेतन अडेल का? शिवाय अंत्यविधीत पार्थिवावरचा तिरंगा आम्ही काढून ठेवला, त्यावरून भावकीत कुरबूर झाली. त्यांच्या ट्रंकेत काही पदकेही सापडली; ती कोणती असतील?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : तिरंग्याबाबत आपलेच बरोबर आहे, ध्वजसंहितेनुसार तो चितेवर जाळता येत नाही, त्यामुळे भावकीला खुशाल हे उत्तर दाखवावे.

नावातील तफावतीने काम लांबते, पण हक्क बुडत नाही. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, मृत्यू दाखला, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे; तेथून रेजिमेंटच्या बेळगाव येथील अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार कसा करायचा आणि ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन निवृत्तिवेतन प्रणालीत नोंद कशी करायची, हे समजेल. सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असते. निधनानंतर खात्यात जमा झालेली पेन्शन मात्र काढू नये, ती परत करावी लागते.

ट्रंकेतील पदकांत १९६५ चा समर सेवा स्टार आणि १९७१ चे संग्राम पदक असू शकेल. भारतीय पदकांच्या कडेवर बहुधा सैनिक क्रमांक व नाव कोरलेले असते, म्हणून ती घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह टाळावा.