नजर फोटोवर, बोटे नॉबवर

प्रश्न : मी लग्नांचे फोटो काढतो. निवडीनंतरही एका लग्नाचे सात-आठशे फोटो लाइटरूम क्लासिकमध्ये दुरुस्त करावे लागतात आणि माऊसने स्लायडर ओढून मनगट भरून येते. संगीतकारांकडे असते तसे नॉबांचे मिडी यंत्र जोडल्यास काम खरोखर लवकर होते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : होते, मात्र वेळ हाताच्या चपळाईमुळे वाचत नाही, नजर हलत नाही म्हणून वाचतो. माऊस वापरताना नजर फोटो सोडून उजवीकडच्या पॅनलवर जाते, एक्सपोजरचा तो इवलासा त्रिकोण शोधते आणि परत येते. तेवढ्यात आधीचा रंग कसा होता हेच आपण विसरलेलो असतो. हळदीच्या फोटोंत हे फार जाणवते. मांडवाच्या पिवळ्या कापडातून आलेल्या उजेडाने सगळ्यांचेच चेहरे पिवळे दिसतात, पण नवरीच्या गालावरची हळद तर पिवळीच राहायला हवी. तिथे डाव्या हाताने टेम्परेचर (रंगाची निळी-पिवळी छटा) आणि उजव्या हाताने टिंट (हिरवी-जांभळट छटा) थोडे थोडे मागेपुढे करत, डोळे त्या गालावरच ठेवून जो मेळ साधता येतो, तो एका वेळी एकच स्लायडर धरणाऱ्या माऊसने साधायला बराच वेळ जातो.

यंत्र घेताना नॉब अखंड फिरणारा, म्हणजे एन्कोडर आहे ना, एवढे पाहावे. दोन्ही टोकांना अडणारा साधा नॉब पुढच्या फोटोवर गेल्यावरही जुन्याच जागी राहतो आणि हात लावताच स्लायडर उडी मारू शकतो. बेरिंगरच्या एक्स-टच मिनीवर असे ८ एन्कोडर व १६ बटणे आहेत, आणि प्रत्येक नॉबभोवतीच्या दिव्यांवरून सध्याचे मूल्य कळते. ते लाइटरूम क्लासिकला जोडण्यासाठी मिडी-टू-एलआर हे मोफत प्लगइन आहे. फोटोसाठीच बनवलेली यंत्रेही मिळतात. त्यांतल्या लूपडेक या फिनलंडच्या कंपनीला २०२३ मध्ये लॉजिटेकने विकत घेतले.

एक खाचखळगा मात्र आधीच सांगतो. मिडी हे १९८३ सालचे, वाद्यांसाठीचे मानक असून त्याच्या साध्या संदेशात ० ते १२७ एवढेच आकडे मावतात. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, टेम्परेचरचा स्लायडर २,००० ते ५०,००० केल्विनपर्यंत जातो. ही सगळी मजल १२८ आकड्यांवर पसरली, तर नॉबच्या एका टप्प्याला सुमारे पावणेचारशे केल्विनची उडी बसते आणि चेहरा हवा तिथे थांबतच नाही. म्हणून प्लगइनमध्ये टेम्परेचरची मर्यादा ३,००० ते ९,००० अशी आवळून घ्यावी. मग तोच टप्पा पन्नास केल्विनच्या आत येतो.

सुरुवातीला आठही नॉब भरून टाकण्याचा मोह आवरावा. एक्सपोजर, हायलाइट्स, शॅडोज, टेम्परेचर आणि टिंट एवढे पाच पुष्कळ झाले. ‘आधीच्या फोटोची सेटिंग लावा’ आणि ‘पुढचा फोटो’ या दोन आज्ञा शेजारच्या बटणांवर द्याव्यात, कारण अंतरपाटापासून अक्षता पडेपर्यंतचे फोटो बहुधा एकाच उजेडातले असतात आणि खरी बचत या दोन बटणांतच आहे. ऑटो सिंक, म्हणजे एका फोटोतला बदल निवडलेल्या सगळ्या फोटोंना लावणारी सोय, चालू असताना नॉबला हात लावू नये. मी एकदा बशी सरकवताना कोपराने एक नॉब फिरवला आणि निवडलेल्या तीनशे फोटोंच्या शॅडोज एकदम वर गेल्या. बरे की अन्डू होते.

निवडीच्या कामात नॉबांचा उपयोग नाही. तिथे कॅप्स लॉक चालू ठेवून पी (ठेवायचा) आणि एक्स (नाकारायचा) दाबत जावे. फोटो आपोआप पुढे सरकतो. मास्क रंगवणे (फोटोचा ठरावीक भागच बदलण्यासाठी तो रंगवून निवडणे) आणि डाग पुसणे यांसाठीही पेन टॅब्लेटच बरा. नॉब फिरवल्यावर चित्र मागून बदलत असेल, तर प्रेफरन्सेसमधील परफॉर्मन्स विभागात मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे फोटोची लहान, हलकी प्रत, वापरण्याचा पर्याय निवडून पाहावा. पहिला आठवडाभर नॉबांखाली कागदी चिकटपट्टीवर नावे लिहून ठेवावीत.