पस्तिशीनंतर ज्युदो: आधी पडायला शिका

तुम्ही विचारलंय की वय 36, दिवसभर खुर्चीत बसून काम, डावा गुडघा कुरकुरतो, तर कराटे लावू की ज्युदो, की आता उशीर झाला? कराट्याचं इथले बाकीचे सांगतील, मला त्यातलं कळत नाही. ज्युदो मी 37व्या वर्षी सुरू केला, पुण्यात, आता नववं वर्ष चालू आहे, तपकिरी पट्ट्यावर (काळ्याच्या आधीचा) अडकलोय आणि त्याचं काही वाटतही नाही. उशीर बिशीर काही नाही. फक्त पैसे भरायच्या आधी एवढं बघा की तिथे नवीन माणसाला पडायला किती दिवस शिकवतात.

हे मी मनगट मोडून घेऊन शिकलोय. पहिला क्लास घराजवळचा म्हणून लावला, दुसऱ्याच आठवड्यात "चला, खेळा" म्हणून एका कॉलेजच्या पोरासमोर उभं केलं. पोराचा काही दोष नाही, त्याने माझा पाय उडवला आणि मी सावरायला हात मागे टेकवला. सगळेच टेकवतात, ते उपजतच असतं. 84 किलोचा भार त्या एका मनगटावर. सहा आठवडे प्लास्टर, डाव्या हाताने टायपिंग, आणि बायकोने जे ऐकवलं ते वेगळंच.

दुसऱ्या ठिकाणच्या सरांनी जवळजवळ दोन महिने मला दुसरं काही करूच दिलं नाही, नुसतं पडायचं. याला उकेमी म्हणतात. आधी पाठीवर झोपून हात आपटायचे, मग उकिडवं बसून मागे, मग उभ्याने, आणि शेवटी खांद्यावरून कोलांटी. मागे पडताना हनुवटी छातीला आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मॅटला लागत नाही. हात अंगापासून थोडेच लांब, आणि आपटताना नुसता पंजा नाही तर कोपरापर्यंतचा अख्खा हात एकदम, आणि त्याच वेळी श्वास सोडायचा. कंटाळा येतो, शेजारी दहा वर्षांची पोरं फटाफट कोलांट्या मारत असतात आणि आपण पोत्यासारखे धपकन पडतो, लाज वाटते, वाटू दे. ओ-सोतो-गारी नावाचा डाव आहे, समोरच्याचा पाय बाहेरून मागून उडवून त्याला सरळ पाठीवर पाडायचं. दिसायला सोपा म्हणून बरेच ठिकाणी लवकर शिकवतात, पण ज्याची हनुवटी आत जात नाही त्याचं डोकंच आपटतं. उकेमी पक्की होईपर्यंत तो डाव कोणी तुमच्यावर मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

क्लास बघायला जाल तेव्हा सरांपेक्षा सीनियर लोकांकडे बघा. चांगला सीनियर पाडल्यावर समोरच्याची बाही सोडत नाही, शेवटच्या क्षणी वर ओढून धरतो, त्यामुळे खालचा हलका पडतो. पाडून मोकळा होणारा दिसला तर दुसरा क्लास शोधा. मॅटच्या फटीही बघा, त्यात पायाचं बोट अडकतं.

पट्ट्यांचं फार मनावर घेऊ नका. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात 12 ताटामींच्या (जपानी चटया) खोलीत कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हा पिवळा, केशरी, हिरवा असलं काही नव्हतं, हे रंग नंतर युरोपातून रूढ झाले. दर चार महिन्यांनी परीक्षा आणि दर परीक्षेला फी असेल तर काय ते समजून जा. (कानो स्वतः लहानपणी किरकोळ अंगाचे होते आणि मार खायचे, म्हणून जुजुत्सूकडे (जुनी जपानी झटापटीची विद्या) वळले, तेव्हा तब्येतीचं कारण सांगू नका.) कुस्ती बघत असाल तर डाव परके वाटणार नाहीत, सेओई-नागे (समोरच्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे टाकायचा डाव) बघितल्यावर मी पहिल्यांदा म्हटलं होतं की अरे हा तर आपला धोबीपछाड, फक्त इथे धरायला कपडा आहे.

गुडघ्याचं आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, आणि ज्युदो करणार आहे असं स्पष्ट सांगा, नुसतं "व्यायाम" म्हणालात तर ते हो म्हणून टाकतील. धातूच्या पट्ट्या असलेली नी-कॅप मॅटवर चालत नाही, कापडी घ्या. गी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख, पहिल्या महिन्यात विकत घेऊ नका, जुना टी-शर्ट चालतो, फक्त आवडता नको, गळ्यापाशी फाटणारच आहे. हातापायाची नखं मात्र आदल्या रात्री कापून जा.