क्रॅकनचा कंटाळा आलाय!

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारातले मित्र डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळतो, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आहे. क्रॅकन (समुद्रातला अवाढव्य राक्षस) आला की सगळे जांभया देतात. पाण्यातला खतरनाक मॉन्स्टर सुचवा ना. – एक वाचक, वडोदरा

उत्तर : अरे, मगरींनी भरलेल्या विश्वामित्री नदीच्या काठी राहून क्रॅकन कशाला रे? मगर घे! ती फक्त डोळे न नाकपुड्या वर ठेवून पडून राहते, आणि पक्षी घरट्यासाठी काड्या शोधत असतात तेव्हा तोंडावर काड्या घेऊन थांबते, बगळा काडी उचलायला आला की खल्लास (मद्रासच्या क्रोकोडाइल बँक या मगर-उद्यानातलं हे निरीक्षण २०१३ मध्ये छापून आलंय). तुझ्या मॉन्स्टरच्या तोंडावर काडीऐवजी सोन्याची पेटी तरंगू दे, लोभी चोर हात घालणारच! मग डेथ रोल, कारण मगरीला घास चावून खाता येत नाही, ती भक्ष्य धरून स्वतः गरागरा फिरते न लचका तोडते, म्हणून दर टर्नला स्ट्रेंग्थ चेक (सुटायची ताकद आहे का ते ठरवणारा फासा) घे, हरला की डॅमेज आणि शिवाय श्वास संपत चाललाय. मॉन्स्टरचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) वाढवून काही होत नाही, उगाच फाइट लांबते. कमजोरी मात्र ठेव, जबडा मिटायची ताकद भयंकर पण उघडायची अगदीच कमी, मिटलेल्या तोंडाला दोरी गुंडाळली की काम झालं. पण हे खेळणाऱ्यांना आधी सांगू नकोस हं. आणि लोकेशन म्हणून पुरात बुडालेलं शहर घे, ऑगस्ट २०२४ ला मगरी सोसायट्यांत शिरल्या होत्याच की.