डोंगराळ भागातल्या थीम पार्कमध्ये नवी उंच राइड उभी केली, तर आजूबाजूचा देखावा खरंच बिघडतो का?

नमस्कार. वाईच्या वरच्या अंगाला तुमच्या भावकीच्या जमिनीवर छोटा थीम पार्क आहे. पुढच्या टप्प्यात तीस मीटरचा आकाशपाळणा आणि एक रोलर कोस्टर घ्यायचा विचार आहे, आणि खालच्या गावातली मंडळी म्हणतात, “आमच्या डोंगराचा व्ह्यू जाईल.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य किती, असं तुम्ही विचारलंय.

तथ्य आहे. मात्र ते राइडच्या उंचीपेक्षा तिच्या पाठीमागे काय दिसतं यावर जास्त ठरतं. पाठीमागे डोंगराची उतरण असेल तर तीस मीटरचा पाळणाही बऱ्यापैकी विरून जातो. पाठीमागे मोकळं आकाश असेल तर दहा मीटरचा खांबसुद्धा डोळ्यात खुपतो. जागा ठरवण्याआधी एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

आपल्याकडे हे जास्त जाणवण्याचं कारण आपल्या डोंगरांच्या घडणीत आहे. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, म्हणून त्याचे माथे सपाट. पाचगणीचं टेबललँड घ्या, कासचं पठार घ्या, वाईतून दिसणारा पांडवगड घ्या. क्षितिजाची रेषा पट्टीनं ओढल्यासारखी आडवी जाते. आडव्या रेषेवर एकच उभी वस्तू आली की नजर आधी तिथेच जाते. साताऱ्याच्या दक्षिणेला चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या लांबून दिसतात, त्या याचमुळे. पण पवनचक्कीला वारा लागतो, तिला माथ्यावरच उभं राहावं लागतं. आकाशपाळण्याला तशी काही गरज नाही. तो कड्यावर नेला जातो तो फक्त वरून चांगलं दिसावं म्हणून, आणि तिथेच खालच्या माणसांशी भांडण सुरू होतं.

मी साताऱ्यात राहतो आणि रिसॉर्ट, मंगल कार्यालयं, कृषी पर्यटन अशांचे साइट लेआउट काढतो. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी पाचगणीच्या बाजूला एका रिसॉर्टसाठी झिपलाइनचा मनोरा मी काढून दिला होता. चौदा मीटर उंच, अगदी कड्यालगत. नकाशावर तो सुबक दिसत होता, कारण माझा नकाशा त्यांच्या गट नंबरच्या हद्दीवर संपत होता. दरी मी काढलीच नव्हती.

माझं आजोळ खाली धोम धरणाच्या पाण्याकाठी आहे. मनोरा उभा राहिल्यावर भाद्रपदात तिकडे गेलो, तर मामी अंगणात शेंगा वाळत घालत होती. मला म्हणाली, “ते वर काय उभं केलंय रे? कड्यावर ढग टेकला की मी वाळवण उचलायची. आता बघायला मान वर केली की नजर आधी त्या खांबावरच अडकते.” ते मीच काढलंय हे तिला तेव्हा सांगता आलं नाही. संध्याकाळी निघताना सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मग आधी एकदा इथं येऊन बघायचं होतंस.”

मालकांना मी विनंती केली. मनोरा हलला नाही, पण त्यांनी तो माझ्या सांगण्यावरून गडद हिरवा रंगवून घेतला. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. धोमच्या बाजूनं पाचगणीचा कडा दक्षिणेला येतो. थंडीत तर दिवसभर सूर्य त्या कड्याच्याच बाजूला असतो, म्हणजे मनोऱ्याच्या मागून उजेड येतो. अशा वेळी हिरवा काय, निळा काय, वस्तू काळीच दिसते. रंगानं काम होतं ते उजेड बघणाऱ्याच्या पाठीवर असताना आणि वस्तूच्या मागे डोंगर असताना. तुमच्या जागेसाठी आधी हे बघा: खालचं गाव राइडच्या कुठल्या दिशेला येतं, आणि सकाळ-संध्याकाळ ऊन कुणाच्या पाठीवर असतं.

आता “किती मोठं दिसेल?” याचा हिशोब. तीस मीटरचा पाळणा तीन किलोमीटरवरून बघितला तर तो डोळ्याला साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढा उंच दिसतो, थोडा जास्तच. ऐकायला फार वाटत नाही. पण कड्याच्या रेषेवर रोज, दिवसाढवळ्या, न मावळणारा चंद्र बसलाय अशी कल्पना करून बघा. तोच पाळणा अर्ध्या किलोमीटरवरून चंद्राच्या जवळपास सातपट उंच दिसेल. शिवाय पाळणा फिरतो. माणसाच्या डोळ्याच्या कडेला आकार नीट कळत नाही, हालचाल मात्र लगेच कळते. त्यामुळे स्थिर टाकीपेक्षा फिरता पाळणा जास्त त्रास देतो. म्हणून खालच्या मंडळींच्या तक्रारीला “पाण्याची टाकी चालते, मग पाळणा का नाही?” असं उत्तर देऊ नका.

मोठे थीम पार्क या गोष्टीवर फार डोकं लावतात. 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा पार्कभोवती मातीचा उंच बांध घातला होता, आतल्या माणसाला बाहेरचं शहर दिसू नये म्हणून. पुढच्याच वर्षी तिथे पाळण्यांचा रोपवे आला आणि त्याचा एक उघडा मनोरा मधल्या टेकाडावर उभा राहिला. 1959 मध्ये तिथे मॅटरहॉर्न नावाचा 147 फुटांचा खोटा डोंगर बांधला. त्याच्या पोटात रोलर कोस्टर होता, आणि रोपवेही त्याच डोंगरातून आरपार जायला लागला. उघडा मनोरा डोंगरात गेला. फ्लोरिडात 200 फुटांच्या वर इमारत गेली तर विमानांसाठी वर दिवा लावावा लागतो. जुन्या जमान्याच्या देखाव्यावर लाल दिवा नको, म्हणून तिथल्या आपल्या पार्कमधल्या काही राइड डिस्नेनं मुद्दाम 199 फुटांवर थांबवल्या.

सगळ्यात आवडलेलं उदाहरण तिथल्याच ‘टॉवर ऑफ टेरर’चं, 1994 सालचं. तो मनोरा एका पार्कमध्ये आहे, पण शेजारच्या एपकॉट या पार्कमधून तळ्यापलीकडच्या मोरोक्कोच्या देखाव्यामागे डोकावतो. लपवता येणार नव्हता. मग त्याचा रंग आणि वरचा आकारच असा ठेवला की लांबून तो मोरोक्कोच्याच इमारतींपैकी एक वाटावा. दुसऱ्याच्या अंगणातून आपलं बांधकाम कसं दिसतं याचा विचार आधी झाला, हे मला मोलाचं वाटतं. पण तिथेही सगळं साधलेलं नाही. 1990 मध्ये जवळच उभं राहिलेलं एक मोठं हॉटेल त्याच एपकॉटमधल्या देशोदेशींच्या देखाव्यांमागे दिसत राहिलं, आणि लोक त्याबद्दल आजही हळहळतात.

तुमच्या कामाचं उदाहरण मात्र इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्सचं. तिथे राइड झाडांच्या शेंड्यांवर जाऊ नये असं बंधन आहे. मग त्यांनी खाली खोदायला सुरुवात केली. 1994 चा ‘नेमेसिस’ हा कोस्टर खडक फोडून केलेल्या खड्ड्यात फिरतो. 1998 चा ‘ऑब्लिव्हियन’ जमिनीच्या वर साधारण 65 फूटच आहे, पण गाडी उभी खाली बोगद्यात शिरते आणि उडी पडते 180 फुटांची. बसणाऱ्याचा थरार जराही कमी झाला नाही, आणि बाहेरच्याला फक्त झाडं दिसतात.

याची नक्कल आपल्याकडे जशीच्या तशी करू नका, हेही सांगतो. काळा कातळ फोडणं खर्चाचं आहेच, त्याहून मोठी अडचण पावसाची. आपल्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात खड्डा म्हणजे तळं. माथ्यावर जांभा असेल तर तिथे खोदूच नका. त्यात मुरलेलं पाणी खाली झऱ्याला येतं आणि त्या झऱ्यावर कुणाची तरी विहीर असते. त्यापेक्षा उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी, म्हणजे शेतात ताली घालतो तसं, कोस्टर बसवता येतो. उतार निसर्गानंच दिलाय, तो वापरला तर उंच खांबांची गरजच कमी पडते. जमीन महाबळेश्वर-पाचगणीच्या 2001 साली अधिसूचित झालेल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येत असेल, तर खोदकामाचा शब्द काढण्याआधी परवानग्यांचं बघा.

आता झाडांविषयी. नव्वद टक्के मालक राइडच्या पायथ्याला झाडं लावतात आणि मग “झाडं लावून काही लपलं नाही” म्हणतात. शाळेतले समरूप त्रिकोण आठवा. तुम्ही सपाट जागेवर उभे आहात, डोळा दीड मीटरवर. तुमच्यापासून दहा मीटरवर सहा मीटरचं जांभळीचं झाड आहे. त्या एका झाडाआड साठ मीटरवरची अठ्ठावीस मीटर उंचीची वस्तू लपते. तेच झाड राइडपासून पाच मीटरवर लावलं तर जेमतेम सहा-साडेसहा मीटरपर्यंतचाच भाग झाकला जातो. म्हणजे झाड बघणाऱ्याजवळ हवं: वाटेच्या वळणावर, बसायच्या बाकासमोर, शेजारच्या होमस्टेच्या कुंपणाला. शेजाऱ्याच्या हद्दीत झाड लावायचं तर त्याला विचारावं लागतं, आणि ते विचारणं हा या सगळ्यातला फार चांगला भाग आहे. पण झाडानं पाळणा लपवताना शेजाऱ्याचा पांडवगडही लपू शकतो. आधी त्याच्या ओट्यावर उभं राहून बघा.

हिरव्या रंगाचं थोडक्यात सांगतो. डिस्नेवाले नको त्या भिंतींना एक मळकट करडा-हिरवा रंग देतात, नजर त्यावरून घसरावी म्हणून. फ्लोरिडा बारा महिने हिरवं असतं. आपला डोंगर आषाढात हिरवा, दिवाळीनंतर पिवळा आणि फाल्गुनात वाळल्या गवताच्या रंगाचा. वर्षातले सात-आठ महिने हिरवा रंगच उठून दिसेल. मी मातकट तपकिरी सुचवतो, तोही चकाकी नसलेला.

रात्रीच्या उजेडाबद्दल मी फार कडक आहे. पाळण्यावरच्या फिरत्या एलईडी माळा पूर्ण दरीतून दिसतात. दिवे खाली तोंड करून लावा, राइड बंद झाली की विझवा.

पाळण्यातून वर गेल्यावर धोमचं पाणी आणि मागचा कमळगड एकदम उघडतो. ज्या आजीला गडावर चढणं शक्य नाही तिलाही तो दिसतो, ही राइडची खरी जमेची बाजू आहे आणि मी ती कमी लेखत नाही. म्हणूनच राइड नकोच असं मी म्हणत नाही. ती कड्यापासून मागे, उतरणीच्या पोटात घ्या. वरच्या टोकावरून दरी दिसेल आणि दरीतून बघणाऱ्याला तिच्यामागे डोंगरच दिसेल, अशी जागा बहुतेक जमिनींवर सापडते. शोधायला एक दिवस लागतो.

तो शोध असा घ्या. लग्नात लावतात तसले मोठे लाल गॅसचे फुगे पाच-सहा एकत्र बांधा. नायलॉनच्या दोरीला दर पाच मीटरवर गाठ मारा. ठरवलेल्या जागी फुगे तीस मीटरवर सोडा आणि एक माणूस दोरी धरून तिथेच ठेवा. पहाटे वारा पडलेला असताना हे करायचं, नाहीतर फुगे आडवे जातात. दिवाळीनंतरची स्वच्छ हवा सगळ्यात बरी. पावसाळ्यात ढग आणि उन्हाळ्यात धुरकट हवा दोन्ही फसवतात. मग गाडी काढून पसरणी घाटात थांबा, खालच्या गावाच्या देवळासमोर थांबा, धोमच्या काठावर थांबा, आणि प्रत्येक ठिकाणी मोबाईलवर झूम न करता फोटो घ्या. फुगे आकाशात दिसले तर दोरी एकेक गाठ खाली घ्यायला सांगा, ते डोंगरात विरेपर्यंत. ज्या गाठीला विरले ती तुमच्या त्या जागेची उंची.

आणि गाडीत खालच्या गावातली दोन वडीलधारी माणसं सोबत घ्या. कुठून बघायचं ते तीच सांगतील.